इस्रोच्या अध्यक्षांना खुलं पत्र: पुढच्या रोव्हरचे फोटो आल्या दिवशी दाखवा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अंतराळ संशोधन संस्था,
बंगळूरु.

विषय: रोव्हरने पाठवलेले फोटो आल्या दिवशीच सर्वांसाठी खुले करण्याबाबत.

महोदय,

मी भूमी अभिलेख खात्यातला निवृत्त भूकरमापक. साखळी ओढण्यापासून सुरुवात केली आणि उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्रापर्यंत येऊन थांबलो. जमीन बघणं हाच धंदा होता. आता कुणाच्या बांधावर उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खाण्याची गरज उरलेली नाही, म्हणून मंगळाची जमीन बघतो. तिथे अजून भाऊबंदकी सुरू झालेली नाही.

बघतो म्हणजे खरोखरच बघतो. नासाची क्युरिऑसिटी ही मंगळावर चालणारी गाडी, म्हणजे रोव्हर, ६ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या गेल विवरात उतरली तेव्हा आपल्याकडे सकाळचे अकरा वाजले होते. पहिले फोटो काय होते? कॅमेऱ्याच्या झाकणावर धूळ बसलेली आणि समोर जमिनीवर गाडीची स्वतःचीच सावली. आपल्याकडे असा फोटो कुणी साहेबांपुढे ठेवला असता तर ‘जरा बरा काढून आणा’ म्हणून परत आला असता. तिथे तो काही मिनिटांत सगळ्या जगाने पाहिला. आणि तेव्हापासून ही गाडी जे फोटो पाठवते ते, चांगले-वाईट, अर्धवट, काळपट, जसे येतात तसे लोकांसमोर मांडले जातात. खाली लिहिलेलं असतं: कोणता कॅमेरा, मोहिमेचा कितवा दिवस, किती वाजता. नावनोंदणी नाही, पासवर्ड नाही, अर्ज नाही.

या गाडीचा दिवस कसा जातो हे एकदा कळलं की नाद लागतो. मंगळाचा एक दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. पृथ्वीवरून निघालेला संदेश तिथे पोहोचायला, दोन ग्रह कुठे आहेत त्यानुसार, साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. त्यामुळे हातात दांडा धरून गाडी चालवण्याचा प्रश्नच येत नाही. दिवसभराची कामं आधी लिहून पाठवायची: इथून एवढं पुढे जा, त्या दगडाचा फोटो घे, हात पुढे कर, थांब. गाडी आपल्या बुद्धीने ते करते आणि मंगळाभोवती फिरणारं एखादं यान डोक्यावरून जाताना आपला गठ्ठा त्याच्याकडे सोपवते. तिथून तो पृथ्वीवर. कॅलिफोर्नियात रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस असतो, त्यामुळे तिथला शास्त्रज्ञ झोपेत असताना त्याच्या गाडीने कालचा पल्ला नीट गाठला की नाही, हे कधीकधी मी चहा पिता पिता पाहिलेलं असतं. या गोष्टीचं मला अजूनही नवल वाटतं.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. क्युरिऑसिटीच्या चाकांवर मुद्दाम भोकं पाडलेली आहेत. वाळूत चाक फिरलं की त्या भोकांचा नक्षीदार ठसा उमटतो, आणि तो मोर्स लिपीत, म्हणजे तारेच्या ठिपके-रेघांच्या भाषेत वाचला तर ‘जेपीएल’ अशी तीन अक्षरं होतात. जेपीएल म्हणजे गाडी बनवणारी प्रयोगशाळा. वाचणाऱ्याला वाटावं, पोरांनी गंमत केली आहे. थोडी केलीच असणार. पण खरं काम वेगळं आहे. चाक किती वेळा फिरलं यावरून अंतर काढायचं तर मऊ वाळूत हिशेब फसतो, कारण चाक जागच्या जागीही फिरतं. म्हणून गाडी मागे वळून आपल्या चाकोरीचा फोटो घेते. नुसत्या गुळगुळीत वाळूत नजर ठरायला काही नसतं, तिथे हे ठसे खुणेच्या दगडांसारखे उपयोगी पडतात. दोन ठशांमधलं अंतर जेवढं पाहिजे तेवढं भरलं नाही तर समजायचं, चाक घसरतंय. साखळीने मोजणी करताना कडी सैल राहिली की काय होतं हे ज्याने भोगलंय, त्याला ही युक्ती पाहून टोपी काढावीशी वाटेल.

पण महोदय, पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्या भोकांमुळे. ही सहा चाकं अॅल्युमिनियमची, व्यास सुमारे अर्धा मीटर, आणि दात्यांमधला पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. २०१३च्या अखेरीस त्या पत्र्याला न ठरवलेली भोकं पडू लागली. गाडी अशा पठारावर आली होती जिथे वाऱ्याने घासून टोकदार झालेले दगड जमिनीत घट्ट रुतलेले होते. हलणारा दगड चाकाखालून सरकतो, रुतलेला दगड पत्र्यात घुसतो. गाडीच्या हाताच्या टोकाला एक कॅमेरा आहे, तो खाली वाकवून चाकांचे जवळून फोटो घेतले गेले, आणि तेही नेहमीप्रमाणे सगळ्यांसमोर आले. कुठे खळगा, कुठे चीर, कुठे अख्खा तुकडा उचकटून वर आलेला आणि त्या भोकातून पलीकडची तांबडी माती दिसतेय.

अडीच अब्ज डॉलरची गाडी, पुरी दोन वर्षं व्हायच्या आत चाकं फाटलेली, आणि फाटक्या चाकांचे फोटो कुणीही उघडून पाहावेत! त्यांच्या जागी आपल्याकडचं एखादं खातं असतं तर काय झालं असतं याची कल्पना मी करू शकतो, कारण आयुष्य खात्यात गेलं आहे. तिथे पुढे काय झालं ते मात्र आम्ही टप्प्याटप्प्याने पाहिलं. वाटा बदलल्या. फेब्रुवारी २०१४मध्ये गाडी एका लहानशा वाळूच्या टेकडीवरून पलीकडच्या मऊ दरीत उतरवली. काही पल्ले उलटी चालवून कापले. पुढे २०१७मध्ये प्रत्येक चाकाचा वेग खालच्या दगडाप्रमाणे कमी-जास्त करणारी नवी आज्ञावली पाठवली गेली. ठराविक अंतर कापलं की चाकांची तपासणी आणि तिचे फोटो, हा रिवाजच पडला. त्यानंतर मंगळावर गेलेल्या पर्सिव्हिअरन्स या गाडीची चाकं जाड पत्र्याची आणि वेगळ्या दात्यांची केली. क्युरिऑसिटी त्याच फाटक्या चाकांवर आजवर ३५ किलोमीटरच्या वर चालली आहे आणि गेल विवराच्या मधोमध असलेल्या शार्प पर्वताचा चढ अजून चढतेच आहे. नासाची यामुळे नाचक्की झाली असं मला कुणी सांगितलेलं आठवत नाही. माझा तरी त्या मंडळींवरचा विश्वास या चाकांमुळेच बसला.

आता आपल्याकडे वळतो.

२३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३चा लँडर विक्रम चंद्रावर उतरला तेव्हा आपलं थेट प्रक्षेपण एकट्या यूट्यूबवर एका वेळी ऐंशी लाखांहून जास्त लोक बघत होते. मीही होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यातला रोव्हर प्रज्ञान खाली उतरला आणि चालू लागला. २७ ऑगस्टला त्याच्या समोर तीन मीटरवर चार मीटर रुंदीचं विवर आलं, आपण त्याला मागे फिरवून दुसरी वाट दिली, आणि विवराचा व परतीच्या चाकोरीचा असे दोन्ही फोटो दाखवले. वा! मी ते फोटो किती वेळ बघत बसलो होतो हे घरच्यांना विचारा. ३० ऑगस्टला प्रज्ञानने विक्रमचा फोटो काढला, ‘स्माईल प्लीज’ म्हणत आपण तो प्रसिद्ध केला. गंधक सापडल्याचं सांगितलं. शंभर मीटर चालून झाल्याचं सांगितलं. २ सप्टेंबरला त्याला झोपवलं, आणि तो पुन्हा उठला नाही.

त्या दहा-अकरा दिवसांत आमच्यापर्यंत आलेले फोटो बोटांवर मोजण्याइतके होते. प्रत्येक फोटो निवडलेला, नेटका, घोषणेसोबत आलेला. दोन घोषणांच्या मधे गाडी कुठे होती, कशावरून गेली, मागच्या चाकांवरच्या राजमुद्रेचा ठसा त्या मातीत कुठे उमटला आणि कुठे फिसकटला, हे बघायला काही नव्हतं. सगळा डेटा आपण खुला केला, पण बरोबर वर्षाने, २३ ऑगस्ट २०२४ला, पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी. खुला केलात याबद्दल मनापासून आभार. मात्र ऐंशी लाखांपैकी किती जण तोवर थांबले असतील याचा अंदाज आपणही करू शकता. लोकांची उत्सुकता गाडी चालत असते तेव्हाच जागी असते. वर्षाने जे मिळतं ते संशोधकांच्या कामाचं, आणि ते त्यांच्यासाठी असावंच.

आपले शास्त्रज्ञ म्हणतील, आमच्या कष्टाचा डेटा दुसऱ्याने आधी वापरून शोधनिबंध छापला तर? रास्त भीती आहे. पण यावरचा तोडगा जुना आहे. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या जुळ्या गाड्या जानेवारी २००४मध्ये मंगळावर उतरल्या, तेव्हापासून त्यांचे फोटो आल्या-आल्या लोकांसमोर ठेवण्याची पद्धत चालू झाली. जे रोज दाखवलं जातं ते आकाराने लहान केलेलं, न तपासलेलं चित्र असतं. डोळ्यांना पुरेसं, पण त्यावरून खनिजाचं प्रमाण काढता येत नाही. मोजमापं लावून शुद्ध केलेला डेटा, वर्णपटांचे आकडे, हे काही महिन्यांनी वेगळ्या भांडारात जातात, आणि तोवर त्यावर पहिला हक्क त्या चमूचा. वीस वर्षांत या पद्धतीने कुणाची पीएचडी बुडाल्याचं ऐकिवात नाही.

दुसरी भीती अफवांची. तीही खरी आहे, माझ्याच फोनवर तिचे नमुने आहेत. मे २०२२मध्ये क्युरिऑसिटीच्या एका फोटोत कड्यात कोरलेला ‘दरवाजा’ दिसला आणि आठवडाभर मंगळवासीयांचं घर प्रत्येक गटात फिरत होतं. एकाने मला तर विचारलं, आता तिथला सातबारा कुणाच्या नावे? प्रत्यक्षात ती खडकातली नैसर्गिक फट होती आणि उंची होती जेमतेम ३० सेंटिमीटर. मांजर जाईल, माणूस नाही. पण ती अफवा मोडली कशी? आजूबाजूचे सगळे फोटो खुले होते, म्हणून लोकांनीच ते शेजारी-शेजारी लावून तो कडा केवढा आणि फट केवढी हे दाखवलं. एकच फोटो बाहेर आला असता आणि बाकीचे कपाटात असते, तर मी त्या माणसाला काय दाखवणार होतो?

आणि बाहेरची माणसं नुसत्या अफवाच काढत नाहीत. पर्सिव्हिअरन्स १८ फेब्रुवारी २०२१ला जेझिरो विवरात उतरली, तिच्या पॅराशूटवरच्या पांढऱ्या-केशरी पट्ट्यांत लपवलेला संदेश घरबसल्या लोकांनी काही तासांत उलगडला. ठीक आहे, तो खेळ होता. इंजेन्युइटी हे छोटं हेलिकॉप्टर ७२ उड्डाणांनंतर जानेवारी २०२४मध्ये जायबंदी झालं, त्याचं तुटून लांब पडलेलं पातं एका हौशी माणसाने खुल्या फोटोंत शोधलं. आणि सर्वांत जवळचं उदाहरण आपलंच. सप्टेंबर २०१९मध्ये चांद्रयान-२चा विक्रम आदळला. त्याचे अवशेष कुठे आहेत हे शोधलं चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांनी. ते ना इस्रोत, ना नासात. नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने घेतलेलं छायाचित्र सर्वांसाठी खुलं होतं, त्यांनी घरी बसून आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहिलं, आणि आदळल्या जागेपासून सुमारे ७५० मीटर वायव्येला एक ठिपका नवा आहे हे कळवलं. डिसेंबर २०१९मध्ये नासाने त्यांचं नाव घेऊन ते मान्य केलं. भारताचं यान, भारताचा माणूस, आणि कागद मात्र अमेरिकेच्या दप्तरातला. त्या अपघाताच्या चौकशीचा संपूर्ण अहवाल तर आजही आम्हा लोकांसमोर नाही. हे मला लागतं, आणि आपल्यालाही लागत असणार.

आपल्या भागातल्या माणसाला मंगळाचे फोटो परके वाटत नाहीत, हेही सांगायला हवं. मंगळाचा पृष्ठभाग बराचसा बेसाल्टचा, म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या जातीचा त्याच जातीचा. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर, आणि पृथ्वीवर अशी विवरं अगदी मोजकी, म्हणून मंगळाची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. क्युरिऑसिटीने सप्टेंबर २०१२मध्ये, उतरल्यावर दोन महिने व्हायच्या आत, एका उचकटलेल्या फरशीसारख्या खडकाचे फोटो पाठवले. आत लहान-मोठे गोटे, कडा घासून गोल झालेले, एकमेकांना चिकटून दगड बनलेले. वारा एवढे मोठे गोटे लोळवू शकत नाही, म्हणजे तिथे पाणी वाहत होतं, घोट्यापासून कमरेपर्यंत खोल, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला. नदीकाठची मोजणी केलेल्या कोणत्याही शिपायाला तो फोटो दाखवा. ‘साहेब, ओढा आहे इथे’ असंच तो म्हणेल. अशी पारख असलेली माणसं या देशात गावोगाव आहेत. त्यांना दाखवायला आपल्याकडे काहीतरी रोज यायला हवं, एवढंच.

रोज बघण्यात आणखी एक मजा आहे, जी घोषणेत कधीच येत नाही. मे २०२४च्या अखेरीस क्युरिऑसिटी गेडिझ व्हॅलिस नावाच्या नाळेतून जात असताना एक दगड तिच्या चाकाखाली येऊन फुटला. कुणी फोडायला सांगितला नव्हता. नुसती वाटेत गाडी गेली. फोटोंत आतून पिवळे स्फटिक दिसले, आणि तपासणीत ते शुद्ध गंधक निघालं. गंधकाचे क्षार मंगळावर पुष्कळ सापडले होते, पण नुसतं मोकळं गंधक असं कधीच नाही. अधिकृत बातमी जुलैत आली. ज्यांनी तो पिवळा ढिगारा आधीच पाहिला होता त्यांच्यासाठी ती बातमी म्हणजे ओळखीच्या माणसाचा निकाल लागल्यासारखी होती.

आता मागणी, नेमकी.

चांद्रयान-५ला मार्च २०२५मध्ये मंजुरी मिळाल्याचं आपणच जाहीर केलंत. जपानच्या जाक्सासोबतची मोहीम, लँडर आपला, रोव्हर त्यांचा, २५० किलोचा, म्हणजे सव्वीस किलोच्या प्रज्ञानच्या जवळपास दहापट. दक्षिण ध्रुवाजवळ पाणी शोधत तो तीन महिन्यांच्या वर चालावा असा बेत आहे. तीन महिने म्हणजे रोज सकाळी उठून ‘काल कुठे पोहोचला?’ असं विचारायला पुरेसा वेळ. मार्गदर्शक, म्हणजे वाट बघण्यासाठी लावलेल्या, कॅमेऱ्यांचे फोटो पृथ्वीवर आल्यापासून चोवीस तासांत, लहान आकारात का होईना, सगळेच्या सगळे बाहेर यावेत. रोव्हर जपानचा आहे, त्यामुळे हे एकट्याने ठरवता येणार नाही हे मला समजतं. म्हणूनच आत्ता लिहितोय. दोन संस्थांचे कागद आत्ता बनत असतील, त्यात हे एक कलम घालायला आत्ता फारसं काही लागणार नाही. रोव्हर उतरल्यावर घालायला गेलात तर दोन देशांच्या समित्या बसतील.

फोटोसोबत तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव आणि कॅमेरा कोणत्या दिशेला बघत होता हे असावं. मोजणीच्या नकाशावर उत्तरेचा बाण आणि प्रमाण नसलं तर तो नकाशा नव्हे, चित्र. रोजच्या पल्ल्याचा वाटनकाशा असावा, गाडी जिथे अडली, मागे फिरली त्या जागांसकट. आणि चमूतल्या कुणीतरी दिवसाआड चार ओळी लिहाव्यात: आज काय ठरवलं होतं, काय झालं, उद्या काय करणार. क्युरिऑसिटीच्या शास्त्रज्ञांची अशी दैनंदिनी वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिच्यात ‘आज हात हलवता आला नाही कारण एक चाक दगडावर टेकलं होतं’ असली वाक्यं सर्रास असतात. त्या चार ओळी मराठीसह आपल्या भाषांतही आल्या तर सोन्याहून पिवळं. त्याला फार खर्च नाही, भाषांतर करून द्यायला हौशी माणसं रांग लावतील. मी पहिल्या रांगेत.

वाईट दिवसही त्यात धरावेत, ही खास विनंती. यंत्र रुसलं, पल्ला अर्धा राहिला, फोटो काळा आला, तर काळा फोटो लावा.

मंगळावर लँडर आणि रोव्हर उतरवण्याचा इस्रोचा मानस आहे, हे आम्ही वाचत असतो. मंगळयानाने २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात मंगळाची कक्षा गाठून दाखवली आहे, त्यामुळे ही नुसती हवा नाही हे ठाऊक आहे. त्या वेळी मी असेन-नसेन. पण चंद्रावर ही सवय लागली तर मंगळावर ती वेगळी लावावी लागणार नाही.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक

ता. क. इस्रोचा डेटा मिळतो त्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर चांद्रयान-३चा डेटा घ्यायला आधी नावनोंदणी करावी लागते, आणि उतरवून घेतलेली फाईल साध्या फोनवर उघडत नाही. प्रज्ञानने काढलेल्या फोटोंची साधी जेपीजी चित्रं क्रमाने लावून एक पान करायला आपल्या माणसांना एक दुपार लागेल. चांद्रयान-५ची वाट न बघता हे एवढं आत्ताच केलंत तर २७ ऑगस्टला विवरापासून मागे फिरल्यानंतर प्रज्ञान नेमका कुठून गेला, हे मला एकदा बघायचं आहे.